फाग वसंताचा, सूर वैराग्याचा
(जैन परंपरेतील ऋतुगीतांचा इतिहास)

राजगृहाच्या वाटेवरील एका घनदाट अरण्यात पाचशे चोरांच्या टोळीने एका मुनींना अडवले. मुनींजवळ लुटण्यासारखे काहीच नव्हते. तेव्हा चोरांना गंमत सुचली. ते म्हणाले, "महाराज, नाचून दाखवा." मुनी म्हणाले, "वाद्य वाजवणारा कोणी नाही." तेव्हा पाचशे चोरांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि मुनी गाऊ लागले. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद येई आणि प्रत्येक ध्रुवपदासरशी काही चोरांचे अंतःकरण पालटे. कोणी पहिल्या कडव्यावर जागा झाला, कोणी दुसऱ्यावर. गीत संपले तेव्हा पाचशेही जण दीक्षेस सिद्ध झाले होते.

ही कथा कपिल केवलींची. उत्तराध्ययन सूत्राचे आठवे अध्ययन त्यांच्याच नावाने ओळखले जाते आणि त्यावरील टीकांमध्ये ही हकीकत विस्ताराने येते. उद्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण केलेल्या 'कुवलयमाला' या प्राकृत ग्रंथात अशीच कथा सुधर्मास्वामींच्या नावे येते आणि तेथे गीताचा प्रकार आहे चर्चरी, म्हणजे वसंतोत्सवात रस्त्यारस्त्यावर गायिले जाणारे लोकगीत. मराठी बोलणाऱ्या माणसांच्या बोलीची अतिप्राचीन नोंद ज्या ग्रंथात सापडते, तोच हा ग्रंथ. म्हणून महाराष्ट्रातील वाचकाला तो परका नाही.

या कथेत जैन संगीतपरंपरेचे मर्म साठवलेले आहे. जैन तत्त्वज्ञानात 'राग' म्हणजे आसक्ती, आणि जो रागाच्या पलीकडे गेला तो वीतराग. संगीतात मात्र 'राग' म्हणजे मनाला रंगवणारी स्वररचना. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शतकानुशतके एकमेकांसमोर उभे राहिले. मनाला रंगवणाऱ्या रागाने मन आसक्तीतून सोडवता येईल काय, हा प्रश्न आचार्यांना, कवींना आणि श्रावकांनाही पडला. त्याचे उत्तर त्यांनी शोधले ते प्रामुख्याने ऋतूंच्या गाण्यांतून, कारण माणसाचे मन सर्वाधिक चंचल होते ते वसंतात आणि पावसाळ्यात.

निषेध आणि निर्मिती

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ज्ञानकोश रचला. कोणते गीत कोणत्या प्रसंगी गावे, याची त्यात मोठी मनोवेधक नोंद आहे. होळीच्या उत्सवात चर्चरी गावी, विवाहात धवलगीते गावीत आणि महाराष्ट्रात स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असे हा राजा सांगतो. ऋतू, श्रम आणि गीत यांचे नाते तेव्हा किती दृढ होते, हे या नोंदीवरून कळते.

त्याच काळात राजस्थान-गुजरातेत खरतर गच्छाचे आचार्य जिनदत्तसूरी (स्वर्गवास इ. स. ११५४) मंदिरांतील शिथिलाचाराविरुद्ध उभे ठाकले होते. आपल्या 'उपदेशरसायन रास' या अपभ्रंश रचनेत त्यांनी स्पष्ट सांगितले, की रात्रीच्या वेळी मंदिरात टाळ्यांच्या ठेक्यावरचा तालारास होऊ नये आणि टिपऱ्यांचा लगुडरास तर दिवसाही होऊ नये. मंदिर हे करमणुकीचे ठिकाण बनू नये, हा त्यामागचा आग्रह होता.

परंतु येथेच इतिहासाला एक विलक्षण वळण मिळते. रासाला मंदिरात मज्जाव करणाऱ्या या आचार्यांनी आपला उपदेश बांधला तो रास या गेय प्रकारातच. एवढेच नव्हे, तर आपले गुरू जिनवल्लभसूरी यांच्या गौरवार्थ त्यांनी 'चर्चरी' रचली. होळीच्या रस्त्यावरचे गीत गुरुस्तुतीसाठी घेतले. या रचनेवरील टीकेत ती नाचत गायिली जाते, असे नोंदवलेले आहे. म्हणजे जिनदत्तसूरींचा विरोध नादाला नव्हता. नाद कोठे आणि कशासाठी, यावर त्यांचा कटाक्ष होता.

हा प्रश्न त्यांच्याबरोबर मिटला नाही. सुमारे शतकभराने, इ. स. १२७१ मध्ये रचलेल्या 'सप्तक्षेत्री रासू' या काव्यात जिनमंदिरातील उत्सवाचे वर्णन येते. त्यात तालारास आहे आणि लगुडरासही आहे, आणि कवी ते आनंदाने वर्णितो. एका पिढीने जे नाकारले ते दुसऱ्या पिढीने स्वीकारले. समाजात हा विचारविनिमय आठशे वर्षांपूर्वीही तितक्याच कळकळीने चालत असे, ही गोष्ट आज मंदिरातील वाद्यवृंदावरून होणाऱ्या चर्चा ऐकताना अवश्य ध्यानात ठेवावी.

वसंताच्या गीतात पाऊस

चर्चरी आणि रास यांच्या पाठोपाठ आला 'फागु'. फाल्गुन-चैत्रात, पळस-आंबा मोहरल्यावर, स्त्रीपुरुषांनी मिळून गायचे हे वसंतगीत. शृंगार हा त्याचा प्राण. इ. स. १४५१ मध्ये अहमदाबादेत कापडाच्या लांब पटावर लिहिलेली आणि चित्रांनी सजवलेली 'वसंतविलास' या फागूची प्रत आज वॉशिंग्टनच्या फ्रीर कलादालनात आहे. वसंत, कोकिळा, विरह आणि मीलन एवढाच तिचा विषय. जैन कवींनी हेच शृंगाराचे पात्र उचलले आणि त्यात दुसरेच द्रव्य भरले.

चौदाव्या शतकात जिनपद्मसूरींनी रचलेला 'सिरिथूलिभद्द फागु' हे त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण होय. स्थूलभद्र हे नंद राजाच्या महामात्याचे पुत्र. पाटलीपुत्रातील कोशा नावाच्या गणिकेच्या सहवासात त्यांनी बारा वर्षे घालवली. पुढे वैराग्य उपजून ते संभूतिविजय आचार्यांचे शिष्य झाले. चातुर्मास जवळ आला तेव्हा एका शिष्याने सिंहाच्या गुहेपाशी, एकाने सर्पाच्या बिळापाशी, तर एकाने विहिरीच्या काठावर राहण्याची अनुज्ञा मागितली. स्थूलभद्रांनी मागितली कोशेची चित्रशाला. चार महिने ते तेथे राहिले आणि अविचल राहिले. परतल्यावर इतरांना गुरूंनी 'दुष्कर' केलेस म्हटले. स्थूलभद्रांना मात्र ते दोन वेळा 'दुष्कर, दुष्कर' म्हणाले. ते ऐकून सिंहगुहेच्या शिष्याला मत्सर वाटला. पुढच्या वर्षी त्यानेही कोशेकडे चातुर्मास मागितला आणि तो घसरला. अखेर कोशेनेच त्याला सावध केले.

चातुर्मासाची कथा म्हणजे पावसाळ्याची कथा. तेव्हा जिनपद्मसूरींच्या फागूत वसंत नाही. आहे तो आषाढ-श्रावणाचा पाऊस. रिमझिमणाऱ्या धारा, खळाळणारे ओहोळ, कडाडणारी वीज यांचे नादमधुर वर्णन, मग कोशेचा साजशृंगार, आणि या सर्वांच्या मध्यभागी निष्कंप बसलेले मुनी. असे असूनही हा फागु चैत्र महिन्यात रंगात येऊन, खेळत-नाचत गावा, असे कवी अखेरीस स्वतःच सांगतो. वसंताच्या मेळाव्यात गाणाऱ्याने पावसाळ्यातील कसोटी आठवावी, अशी ही योजना आहे. ज्या क्षणी मन घसरण्याचा संभव अधिक, त्याच क्षणी गाण्यातून स्थूलभद्र समोर उभे राहतात.

राजुलचे बारा महिने

जैन ऋतुगीतांचा दुसरा आणि अधिक व्यापक विषय म्हणजे नेमिनाथ आणि राजीमती. विवाहासाठी निघालेल्या नेमिकुमारांच्या कानी भोजनासाठी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश पडला. त्यांनी रथ फिरवला आणि गिरनारावर जाऊन दीक्षा घेतली. ती तिथी श्रावण शुद्ध षष्ठी. मांडवात उभ्या राहिलेल्या राजुलच्या डोळ्यांपुढे तेव्हा कोणता ऋतू असेल? भर श्रावण.

उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनातही पाऊस आहे. साध्वी झालेली राजीमती रैवतक पर्वताकडे जात असता वाटेत पावसात भिजते आणि गुहेचा आश्रय घेते. तेथे आधीच असलेल्या रथनेमींचे मन तिला पाहून विचलित होते. ती त्यांना निर्भीडपणे उपदेश करून पुन्हा संयमात स्थिर करते. जिची सर्वांनी कीव केली, तीच येथे दुसऱ्याला सावरणारी ठरते.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात विनयचंद्रसूरींनी 'नेमिनाथ चतुष्पदिका' रचली. जुन्या गुजरातीतील अगदी आरंभीचे बारमासी काव्य म्हणून तिचा मान आहे. श्रावणापासून आषाढापर्यंत एकेक महिना येतो. प्रत्येक महिन्यात राजुल आपली व्यथा सांगते आणि सखी तिची समजूत घालते. लौकिक बारमाशात विरहिणीची व्यथा संपते ती प्रियकराच्या परतण्याने. राजुलचा प्रियकर मात्र परतणार नाही. मग शेवट कसा व्हावा? राजुल स्वतःच गिरनारची वाट धरते. विरहाचा शेवट मीलनात होतो खरा, परंतु ते मीलन मोक्षमार्गावरचे असते. ही एकच कलाटणी देऊन जैन कवींनी एका लोकप्रिय गीतप्रकाराचा अर्थच बदलून टाकला.

त्यानंतर राजुलचे बारमासे किती रचले गेले याची गणती अवघड आहे. श्वेतांबर आणि दिगंबर, गुजराती, राजस्थानी आणि हिंदी, सर्वांनी ते गायिले. आग्र्याचे बनारसीदास यांनी 'अध्यात्म फाग' लिहून होळीचे रूपक आत्मसाधनेला लावले. त्यांच्या रचनांचा संग्रह 'बनारसीविलास' या नावाने इ. स. १६४४ मध्ये सिद्ध झाला. त्याच नगरीतील द्यानतराय यांनीही अध्यात्माच्या होऱ्या रचल्या. भाद्रपदातील दशलक्षण पर्वात दिगंबर मंदिरांतून जी दशलक्षण पूजा गायिली जाते, ती याच द्यानतरायांची. म्हणजे वसंताची होरी आणि भाद्रपदाची पूजा एकाच कवीच्या लेखणीतून उतरली आहे.

मराठीतही हा प्रवाह पोहोचला. पंधराव्या शतकापासून मराठीत जैन कवी लिहू लागले. गुणदासांनी 'श्रेणिकचरित्र' रचले ते ओवीत. सोमेश्वराने ज्या ओवीला कांडणाचे गीत म्हटले, तीच ओवी आता श्रेणिक राजाची कथा सांगू लागली. लोकांच्या ओठांवर जे आहे तेच धर्मासाठी घ्यावे, ही जैन कवींची रीत महाराष्ट्रातही अशीच दिसते.

गुरूचा फागु, शिष्याचे शास्त्र

कवींनी गीते रचली, तर शास्त्रकारांनी संगीताचे नियम ग्रथित केले. यादव राजा सिंघणाच्या काळात देवगिरीस, आजच्या दौलताबादेत, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्यात ग्रामरागांना ऋतू व प्रहर नेमून दिले. वसंतासाठी हिंदोल, ही योजना त्यातलीच. तेराव्या शतकाच्याच सुमारास दिगंबर जैन विद्वान पार्श्वदेव यांनी 'संगीतसमयसार' रचला. प्रत्यक्ष गायकांच्या व्यवहारातील देशी संगीताकडे या ग्रंथाचे विशेष लक्ष आहे. हा ग्रंथ इ. स. १९२५ मध्ये त्रिवेंद्रम संस्कृत मालेत प्रकाशित झाला.

श्वेतांबर परंपरेत या क्षेत्रातील मोठे नाव वाचनाचार्य सुधाकलश यांचे. त्यांचे गुरू राजशेखरसूरी. 'प्रबंधकोश' या प्रसिद्ध ग्रंथाचे हे कर्ते. त्यांनी नेमिनाथांवर फागुही रचला. गुरूंचा 'प्रबंधकोश' इ. स. १३४९ मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १३५० मध्ये, शिष्याने 'संगीतोपनिषत्सारोद्धार' हा सहा अध्यायांचा संगीतग्रंथ सिद्ध केला. एका महाव्रती गुरूने वसंताचे गीत गावे आणि महाव्रती शिष्याने रागांचे शास्त्र सांगावे, यात त्या काळातील संघाला काहीच विसंगत वाटले नाही. सुधाकलशांच्या सहा मुख्य रागांत श्री, भैरव, पंचम, नट्टनारायण यांच्यासोबत वसंत आणि मेघ आहेत, म्हणजे ऋतूंचीच नावे धारण करणारे दोन राग. प्रत्येक रागाचे मूर्तिरूपही त्यांनी वर्णिले आहे. डॉ. उमाकांत शहा यांनी संपादित केलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य मालेत इ. स. १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

रागांची ही मूर्तिरूपे केवळ ग्रंथात राहिली नाहीत. अहमदाबादच्या देवसानो पाडो भांडारातील, इ. स. १४७५ च्या सुमाराच्या कल्पसूत्राच्या पोथीत पानांच्या समासांमध्ये राग, श्रुती आणि नृत्यमुद्रा यांच्या आकृती नावांसह रंगवलेल्या आहेत. भारतात आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या रागचित्रांमध्ये त्यांची गणना होते. मध्यभागी तीर्थंकरांचे चरित्र आणि कडेला रागरागिण्या! 'राग' या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या पानावर शेजारी शेजारी नांदतात.

शब्द उरले, चाल हरपली

एवढे वैभव असताना एक उणीव मात्र जाणवते. या फागूंचे, बारमाशांचे आणि रासांचे शब्द आज उपलब्ध आहेत. पाटण, जेसलमेर, खंभात, कारंजा येथील भांडारांनी ते प्राणापलीकडे जपले. परंतु त्यांच्या चाली कोठे आहेत?

जुन्या रासांत प्रत्येक ढाळेच्या आरंभी 'देशी' दिलेली असते. देशी म्हणजे ज्या परिचित गीताच्या चालीवर ही ढाळ म्हणायची, त्या गीताचा आरंभ. त्या काळच्या गाणाऱ्याला एवढी खूण पुरेशी होती, कारण ते गीत त्याच्या घरात, शेतात, लग्नात रोज ऐकू येत होते. मुंबईचे विद्वान मोहनलाल दलीचंद देसाई यांनी 'जैन गूर्जर कविओ' या महाग्रंथात अशा देशींची विस्तृत सूची दिली आहे. लोकसंगीताच्या इतिहासाचे ते मोलाचे साधन होय. परंतु सूचीतील पुष्कळ गीते गाणारा आज कोणी उरला नाही. नाव उरले, सूर गेला.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हल्ली चित्रपटगीतांच्या चालींवर स्तवने गायिली जातात, याबद्दल अनेक ज्येष्ठ मंडळी खंत व्यक्त करतात. परंतु लोकप्रिय चाल उचलणे ही नवी गोष्ट नव्हे. चर्चरी, फागु, देशी, ओवी या सर्वांचा इतिहास तेच सांगतो. दोष उसनवारीत नाही. दोष असलाच तर तो विस्मरणात आहे. नवी चाल येते तेव्हा जुनी कोणीतरी जतन केली पाहिजे, एवढेच. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी गावोगाव फिरून घराणेदार गायकांच्या बंदिशी मिळवल्या, त्यांचे स्वरलेखन केले आणि त्या ग्रंथरूपाने सर्वांसाठी खुल्या केल्या. म्हणून त्या आजही शिकता येतात. स्तवन-सज्झायांची पुस्तके विपुल छापली गेली; परंतु त्यांत बहुधा शब्द छापले गेले, स्वर नाहीत.

शास्त्रीय रागांत बांधलेल्या पूजांच्या बाबतीत परिस्थिती थोडी निराळी आहे. उपाध्याय सकलचंद्र यांची 'सत्तरभेदी पूजा' हे त्याचे उत्तम उदाहरण. तिच्या ढाळांवर रागांची नावे आहेत आणि तिच्या सतरा प्रकारांपैकी अखेरचे तीन आहेत गीत, नृत्य आणि वाद्य. म्हणजे जल, चंदन, पुष्प यांच्याप्रमाणे नाद हेही पूजेचे द्रव्य मानले गेले. जल आणि चंदन रोज नव्याने आणता येते. नादाचे तसे नाही. तो एका कंठातून दुसऱ्या कंठात वेळेवर गेला नाही, तर पुन्हा मिळत नाही.

चातुर्मास हा साधुसाध्वींच्या सान्निध्याचा आणि म्हणून श्रवणाचा काळ. पावसाळ्याची ही परंपरा अजून अखंड आहे. याच दिवसांत अनेक घरांतील वयोवृद्ध स्त्रियांच्या ओठांवर राजुलची, स्थूलभद्रांची एखादी जुनी ढाळ येते. तिची चाल कोणत्याही पुस्तकात नसण्याचाच संभव अधिक. तिच्याशेजारी बसून ती ऐकावी, शब्दांबरोबर चालही उतरवून घ्यावी, ध्वनिमुद्रित करावी आणि एखाद्या नातवंडाने ती शिकावी, एवढे कार्य प्रत्येक घराला सहजसाध्य आहे. त्यासाठी ना निधी लागतो, ना इमारत.

कपिल केवलींच्या समोर वाद्य नव्हते, वादक नव्हता. होते ते पाचशे चोरांचे हात. त्या हातांनी ठेका धरला म्हणून गीत झाले, आणि गीत झाले म्हणून ते हात शस्त्र विसरले. पूर्वजांनी शब्द राखून आपल्या वाट्याचे काम केले आहे. ठेका धरणे हे पुढच्या पिढ्यांचे काम आहे.